संवादफुगे : त्यांचे वाचन व संगणकावर ते काढण्याची रीत

चित्रातील पात्राचे शब्द ज्या बंदिस्त आकृतीत लिहिलेले असतात व जिची निमुळती शेपटी त्या पात्राच्या मुखाकडे वळलेली असते, त्या आकृतीस संवादफुगा असे म्हणतात. वर्तमानपत्रातील चित्रमालिका, बालकांची चित्रपुस्तके, आरोग्यविषयक भित्तिपत्रके आणि पाठ्यपुस्तकांची पाने यांत हा फुगा इतका सर्रास आढळतो की तो वाचावयास शिकवावा लागतो, ही गोष्टच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्या घरी रोज वर्तमानपत्र येते त्या घरातील मुलास तो आपोआप उमगतो. ज्या घरात छापील कागद म्हणजे किराणा मालाची पुडी, तेथून आलेल्या मुलास मात्र शेपटी कोणाकडे वळली आहे व का वळली आहे, हे कोणी तरी एकदा सांगावे लागते. पहिलीतील असे मूल फुग्याकडे बोट करून ‘हा ढग आहे’ किंवा ‘हे अंडे आहे’ असे म्हणते. आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते, कारण त्याला दिसते ती केवळ आकृती.

संकेत एकदा समजला की मात्र फुगा हे वाचनाच्या आरंभीच्या काळातील फार सोयीचे साधन ठरते. गद्य उताऱ्यात ‘असे आई म्हणाली’, ‘त्यावर गणू उत्तरला’ या शब्दांवरून व अवतरणचिन्हांवरून बोलणारा ओळखावा लागतो, आणि नव्याने वाचणाऱ्या मुलाची शक्ती तेथेच खर्ची पडते. फुग्यात हे काम शेपटी करते. वाचावयाचा मजकूर तीन-चार शब्दांचा असतो, त्याचा अर्थ चित्राने अर्धा सांगितलेला असतो, आणि तो मजकूर बोललेला असल्यामुळे मूल तो आपोआप बोलल्यासारखा वाचते. अक्षर लावून लावून एका सुरात वाचणारे मूल ‘अगं, शेळी वहीच खाते आहे!’ हे वाक्य फुग्यात पाहिले की एकदम आवाज चढविते. मुलास अर्थ पोहोचला, याची याहून चांगली खूण वर्गात क्वचितच मिळते.

हा संकेत एका दिवसात निर्माण झालेला नाही. मध्ययुगीन युरोपातील चित्रांत संतांच्या किंवा देवदूतांच्या हातातून अथवा मुखापासून निघालेल्या कापडी पट्ट्यांवर त्यांचे शब्द लिहिलेले आढळतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील जेम्स गिलरे याच्या राजकीय व्यंगचित्रांत धुराच्या लोटासारखे फुगे आहेत. अमेरिकेत रिचर्ड आउटकॉल्ट याच्या ‘यलो किड’ या पात्राचे बोलणे आरंभी त्याच्या पिवळ्या सदऱ्यावरच लिहिलेले असे. २५ ऑक्टोबर १८९६ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका चित्रमालेत फोनोग्राफ यंत्र बोलू लागते, ते बोलणे फुग्यात दाखविलेले आहे, आणि शेवटी यंत्राच्या पेटीतून पोपट बाहेर पडतो. वर्तमानपत्री चित्रकथेत फुगा रूढ होण्याच्या इतिहासात या चित्राचा उल्लेख नेहमी केला जातो. भारतात १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स व १९६७ साली सुरू झालेली अमर चित्र कथा यांनी दोन पिढ्यांस फुगे वाचावयास शिकविले. मराठी वाचकांस अधिक जवळचे उदाहरण म्हणजे चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’. १९९१ साली दैनिकाच्या पानावर आलेल्या या मुलाचे घरगुती मराठी बोलणे फुग्यांतूनच घरोघर पोहोचले. उलट आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस काहीच बोलत नाही, आणि इतरांचे शब्द चित्राखाली ओळीत छापलेले असतात. चित्रात बोलणे दाखविण्याचे हे दोन भिन्न मार्ग आहेत. चौथी-पाचवीच्या वर्गात दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवून फरक विचारावा. मुले बरेच काही सांगतात.

फुग्याची रेषाही बोलत असते. साधी अंडाकृती रेषा म्हणजे सामान्य बोलणे. ढगासारखी वळणावळणाची रेषा व शेपटीच्या जागी लहान होत गेलेली वर्तुळे म्हणजे मनातला विचार. दातेरी रेषा म्हणजे ओरडणे, अथवा रेडिओ किंवा ध्वनिक्षेपक यांतून आलेला आवाज. तुटक रेषा म्हणजे कुजबुज. चौकोनात लिहिलेला मजकूर बहुधा कोणाच्याही तोंडचा नसतो. तो कथा सांगणाऱ्याचा असतो, म्हणूनच त्यास शेपटी नसते. यांपैकी विचाराचा फुगा मुलांस सर्वांत उशिरा कळतो, कारण मनात बोललेले इतर पात्रांस ऐकू येत नाही हे त्यात गृहीत धरलेले असते. एकाच चित्रात ‘ये ना, बस!’ असा बोलण्याचा फुगा व ‘आता हा जाणार तरी कधी?’ असा विचाराचा फुगा काढून ‘पाहुण्यांनी काय ऐकले?’ हा प्रश्न विचारावा. या एका प्रश्नाने पाठ्यपुस्तकातील पानभर स्वाध्यायाइतके काम होते.

वाचनाचा क्रमही शिकवावा लागतो. मराठी पानावर वरचा फुगा आधी व खालचा नंतर, आणि एकाच उंचीवर दोन असतील तर डावीकडचा आधी, असा नियम आहे. चित्र काढताना हा नियम विसरला तर उत्तर आधी व प्रश्न मागाहून अशी स्थिती होते. म्हणून जो आधी बोलणार त्या पात्रास शक्यतो डाव्या बाजूस उभे करावे, अथवा त्याचा फुगा वर घ्यावा. उर्दू माध्यमाच्या शाळांत हा क्रम उजवीकडून सुरू होतो. एकच चित्र दोन्ही माध्यमांच्या वर्गांत वापरावयाचे असल्यास केवळ शब्द बदलून भागत नाही; फुग्यांच्या जागाही बदलाव्या लागतात.

येथवर सांगितलेले सर्व फळ्यावर खडूनेही साधते, आणि ज्या शाळेत संगणक नाही तिने त्याची वाट पाहू नये. परंतु फळ्यावरचे चित्र दुसऱ्या तासाला पुसले जाते, आणि बहुवर्ग शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्तांस काम देत असतो. त्यास हातात देता येईल असा कागद हवा असतो. शिवाय एक अडचण अशी आहे की जिच्यावर छापील पुस्तकाकडे सहसा उपाय नसतो. ती म्हणजे मुलाच्या घरच्या भाषेची.

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत मूल घरी जी भाषा बोलते ती पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हे. खानदेशातील मुलाची आई ‘कथा चालना?’ असे विचारते, मालवणकडील मुलाची आई ‘खंय चललस?’ असे विचारते, आणि पुस्तकातील आई ‘कोठे चाललास?’ असे म्हणते. हे अंतर थोडक्या श्रमाने ओलांडता येते. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी मुलांची गोष्ट निराळी आहे. कोरकू ही मुंडा कुळातील व गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. अशा मुलास पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठीतील वाक्य समोर ठेवून ‘बोल’ म्हटले तर ते गप्प बसते, आणि ते गप्प बसले की त्यास मंद समजण्याची चूक होते. वर्ष-दोन वर्षे अशीच गेली म्हणजे मूल शाळेत येईनासे होते, आणि हजेरीपटावर त्याचे कारण ‘अनियमित’ एवढेच राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा अध्यापनाचे माध्यम असावी असे सांगितले आहे. धोरण कागदावर येणे व वर्गात पोहोचणे यांत पुष्कळ अंतर असते. परंतु एका चित्रातील दोन फुगे मुलाच्या बोलीत लिहिण्यास शिक्षकास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

रीत अशी. चित्र एकच ठेवावे. पहिल्या प्रतीत फुगा रिकामा ठेवावा व मुलास विचारावे, ‘ही बाई काय म्हणत असेल?’ मूल जे बोलेल ते, जसे बोलेल तसे, देवनागरीत टिपून घ्यावे. शिक्षकास ती बोली येत नसेल तर गावातील आईबापांची किंवा वरच्या वर्गातील मुलांची मदत घ्यावी. दुसऱ्या प्रतीत ते शब्द फुग्यात छापावेत. तिसऱ्या प्रतीत त्याच अर्थाचे प्रमाण मराठी वाक्य असावे. आपण उच्चारलेले शब्द छापील अक्षरांत पाहिले म्हणजे लिहिणे ही बोलण्याचीच नोंद आहे, हे मुलास कळते. आणि एकदा ते कळले की तिसरा कागद परका राहत नाही. येथे एक पथ्य पाळावे. बोलीतले वाक्य लाल रेघ मारून ‘अशुद्ध’ व प्रमाण वाक्य ‘शुद्ध’ असे कधीही दाखवू नये. तसे केल्यास सर्व खटाटोप उलट फळ देतो.

एका चित्राच्या या तीन प्रती हाताने काढावयाच्या तर तीनदा चित्र काढावे लागेल. संगणकावर ते एकदाच करावे लागते, आणि याच कारणासाठी या कामी संगणक उपयोगाचा आहे. चित्र संपादित करण्याचे अनेक कार्यक्रम उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘गिंप’ या नावाचा कार्यक्रम पूर्णपणे विनामूल्य आहे, व त्याची प्रत दुसऱ्यास देण्यासही मोकळीक आहे. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो हाती घेतला आणि १९९६ साली लोकांसाठी खुला केला. पुढे जगभरातील अनेकांनी त्यात भर घातली, व २०२५ साली त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. शाळेचा संगणक जुना असेल तर तिच्या आधीची २.१० ही आवृत्ती घ्यावी. फुग्याच्या कामास तीही पुरून उरते. महागड्या कार्यक्रमाची चोरटी प्रत कोणाकडून तरी आणून शाळेच्या यंत्रावर घालण्याचे काहीच कारण नाही, कारण तिच्याबरोबर येणारे विषाणू शाळेच्या नोंदीही घेऊन जातात.

गिंपमध्ये काम करण्यापूर्वी ‘लेअर’ म्हणजे थर ही एकच कल्पना पक्की करून घ्यावी. भिंतीवरील नकाशावर पारदर्शक ट्रेसिंग कागद ठेवून त्यावर नद्या काढाव्या, त्यावर दुसरा कागद ठेवून गावांची नावे लिहावी, तसे हे आहे. वरून पाहणाऱ्यास सर्व एकत्र दिसते, परंतु नावांचा कागद उचलला तरी नद्या जागच्या जागी राहतात. फुग्याच्या कामात असे तीन थर लागतात : सर्वांत खाली चित्र, त्यावर फुगा आणि सर्वांत वर अक्षरे. उजव्या बाजूच्या यादीत हे थर एकाखाली एक दिसतात, व प्रत्येकाशेजारी डोळ्याची खूण असते. त्या खुणेवर टिचकी मारली की तो थर अदृश्य होतो, पुन्हा मारली की परत येतो.

चित्र शक्यतो मुलांनीच काढलेले असावे. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, मोबाइल बरोबर त्याच्या वर धरून, दिव्याच्या झोताविना छायाचित्र घ्यावे. ते गिंपमध्ये उघडले की कागद करडा दिसतो. ‘कलर्स’ या यादीतील ‘लेव्हल्स’ उघडून आलेखाखालील उजवीकडचा पांढरा त्रिकोण थोडा डावीकडे सरकविला म्हणजे कागद पांढरा होतो आणि पेन्सिलीच्या रेषा उठून दिसतात. पूर्ण ए-४ कागदावर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात स्वच्छ छपाई हवी असेल तर चित्र २४८० × ३५०८ बिंदूंच्या आसपास असावे. हल्लीच्या बहुतेक मोबाइलवर एवढे चित्र सहज मिळते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. फुगा आधी काढून मग त्यात शब्द कोंबू नयेत. शब्द आधी लिहावेत व त्यांच्याभोवती फुगा काढावा. नवशिक्याचे बहुतेक फुगे विद्रूप दिसतात ते हा क्रम उलटा केल्यामुळे. अक्षरांचे साधन घेऊन पात्राच्या डोक्यावरील मोकळ्या जागी टिचकी मारावी व वाक्य लिहावे. ओळी मध्यावर जुळविण्याची सोय साधनाच्या पर्यायांत आहे. फुगा अंडाकृती असल्यामुळे पहिली व शेवटची ओळ आखूड, मधली लांब अशी वाक्याची मोडणी करावी. मात्र ती अर्थाला धरून असावी. ‘मला शेळी / नको’ अशी ओळ मोडली की मूल पहिल्या ओळीवरच थांबून शेळी मागते. पहिली-दुसरीसाठी अक्षर २४ पॉइंटांहून लहान नसावे. येथे एक फसगत होते. गिंपमध्ये अक्षराच्या आकाराचे एकक आरंभी पॉइंट नसून पिक्सेल म्हणजे बिंदू असते. इंचास ३०० बिंदू या प्रमाणात २४ पॉइंट म्हणजे १०० बिंदू होतात. नुसते २४ लिहिले तर छापलेले अक्षर मुंगीएवढे येते.

देवनागरीसाठी आणखी काही पथ्ये आहेत. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की निरर्थक खुणांचा ढीग होतो, आणि पुढच्या वर्षी तीच फाइल उघडणाऱ्या शिक्षकास त्यातले काहीही वाचता येत नाही. मुक्ता, बालू, नोटो यांसारखे युनिकोड अक्षरसंच विनामूल्य मिळतात. निवड करताना ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘ॲ’, ‘ळ’, ‘ज्ञ’ एवढे लिहून पाहावे. जो संच यांत चुकतो तो बाजूस ठेवावा. पुष्कळ संचांत ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे ठरवून दिलेली आहेत, आणि अक्षराचे वळण नुकते गिरवू लागलेल्या मुलापुढे दोन प्रकारचे ‘ल’ ठेवणे इष्ट नाही. गिंपच्या अक्षरसाधनाच्या पर्यायांत भाषा निवडण्याची जागा आहे. तेथे मराठी निवडले की ज्या संचात तशी सोय केलेली आहे त्यात ही अक्षरे मराठी वळणाची होतात. ही जागा बहुतेकांच्या दृष्टीस पडत नाही. तसेच देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक लागते. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीस टेकला की नवे वाचणारे मूल हमखास अडखळते.

शब्द मनासारखे झाले म्हणजे फुगा घ्यावा. थरांच्या यादीत प्रथम चित्राच्या थरावर टिचकी मारावी आणि मग ‘लेअर’ या यादीतून नवा पारदर्शक थर घ्यावा. असे केल्याने नवा थर चित्राच्या वर पण अक्षरांच्या खाली बसतो. त्यास ‘फुगा’ असे नाव द्यावे. आता अंडाकृती निवडीचे साधन घेऊन शब्दांभोवती आकृती ओढावी, व चारही बाजूंस निदान एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडावी. निवडलेल्या भागाची कडा मुंग्यांच्या रांगेप्रमाणे हलताना दिसते. शेपटीसाठी मुक्त निवडीचे साधन घ्यावे, आणि त्याच्या पर्यायांत ‘आधीच्या निवडीत भर घालणे’ ही खूण दाबावी. नाही तर अंडाकृती नाहीशी होऊन नुसता त्रिकोण उरतो. पहिली टिचकी अंडाकृतीच्या आत, दुसरी पात्राच्या मुखाच्या दिशेने बाहेर, तिसरी पुन्हा आत, आणि शेवटी पहिल्या बिंदूवर येऊन एंटरची कळ दाबावी. अंडाकृती व शेपटी मिळून एकच आकृती होते. शेपटीचे टोक मुखाला भिडवू नये. मुखाच्या दिशेने अर्ध्याहून थोडे पुढे गेले की पुरे. तोंडाला चिकटलेली शेपटी पाहून मुलांस पात्र काहीतरी गिळत आहे असे वाटते.

रेषा काढण्याची एक सोपी युक्ती आहे. इंग्रजी ‘डी’ ची कळ दाबली की पुढचा रंग काळा व मागचा पांढरा होतो. फुग्याचाच थर निवडलेला आहे याची खात्री करून ‘एडिट’ या यादीतून निवडलेला भाग पुढच्या रंगाने भरावा. सर्व फुगा काळाकुट्ट होईल, घाबरू नये. मग ‘सिलेक्ट’ या यादीतील ‘श्रिंक’ ही आज्ञा देऊन निवड ८ बिंदूंनी आकसावी व आता मागच्या रंगाने भरावे. आत पांढरा भाग आणि कडेला एकसारखी काळी रेषा राहते. इंचास ३०० बिंदू या प्रमाणात ८ बिंदू म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर, व झेरॉक्स प्रतीतही ती रेषा टिकते. शेपटी फार बारीक काढली असेल तर आकसताना तिच्यात पांढऱ्यास जागा उरत नाही व ती काळी सळई होते, म्हणून तिचा बुंधा रुंद ठेवावा. शेवटी ‘सिलेक्ट’ मधूनच निवड रद्द करावी.

या कामात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे चुकीच्या थरावर रंग भरणे. चित्राचा थर निवडलेला असताना पांढरा रंग भरला तर मुलाने तासभर खपून काढलेली शेळी फुग्याखाली कायमची नाहीशी होते. लगेच ध्यानात आले तर कंट्रोल व ‘झेड’ या कळा एकत्र दाबून मागे जाता येते. फाइल बंद केल्यावर मात्र इलाज राहत नाही. म्हणून मूळ छायाचित्र निराळे जपून ठेवावे, आणि वीज केव्हाही जाते हे लक्षात घेऊन काम दर पाच मिनिटांनी साठवावे.

इतर फुगे याच रीतीच्या थोड्या फेरफाराने होतात. विचाराच्या ढगासाठी भर घालण्याच्या पर्यायावर पाच-सहा लहान-मोठी वर्तुळे एकमेकांवर चढवावी व शेपटीऐवजी दोन-तीन सुटी वर्तुळे घ्यावी. ओरडण्याचा फुगा मुक्त निवडीने दातेरी काढावा. एकच पात्र दोन वाक्ये थांबून बोलत असेल तर दोन अंडाकृती किंचित एकमेकांत घुसवाव्या. त्या जोडून एक होतात आणि शेपटी एकच राहते. कुजबुजीसाठी फुगा पांढऱ्या रंगाने भरून कडेस तुटक रेषा द्यावी.

काम झाल्यावर ‘सेव्ह’ केलेली फाइल एक्ससीएफ या प्रकारची होते. तिच्यात थर सुटे राहतात, म्हणून ती जपावी. छपाईसाठी ‘एक्स्पोर्ट’ करून पीएनजी प्रकारची प्रत काढावी. जेपीईजी प्रकारात अक्षरांच्या कडा मळकट होतात. आता अक्षरांच्या थराचा डोळा मिटला की रिकाम्या फुग्याची प्रत तयार होते. बोलीतील शब्दांचा एक थर व प्रमाण मराठीचा दुसरा थर ठेवून आळीपाळीने डोळे मिटले की उरलेल्या दोन प्रती मिळतात. एका केंद्रातील दोन शाळांची बोली निराळी असेल तर केवळ शब्दांचा थर बदलून तेच चित्र दोहोंकडे चालते. व्हॉट्सॲपवरून पाठविताना चित्र म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावे, अन्यथा ते आकसून धूसर होते.

साधन हाती आले की त्याचा अतिरेक होतो, हेही सांगणे प्राप्त आहे. भिंतीवरील प्रत्येक तक्त्यावर आंब्याच्या तोंडी ‘मी आंबा आहे’ व त्रिकोणाच्या तोंडी ‘मला तीन बाजू आहेत’ असे फुगे लावण्याची हौस पुष्कळ ठिकाणी दिसते. जेथे कोणी कोणाशी बोलतच नाही तेथे फुग्याचे काय काम? ते तक्त्याचे शीर्षक आहे, आणि त्याने चौकोनातच राहावे. फुगा तेव्हाच शोभतो, जेव्हा ऐकणारा कोणी असतो व त्याचे उत्तर काय येईल याची मुलास उत्सुकता असते.

खऱ्या माणसांच्या छायाचित्रांवर फुगे लावताना याहून अधिक जपावे. राष्ट्रपुरुषाच्या चित्राशेजारी फुग्यात लिहिलेले वाक्य मूल त्यांचे प्रत्यक्ष वचन समजते, आणि तसे समजण्यात त्याचा दोष नाही. फुग्याचा अर्थच ‘हे यांनी म्हटले’ असा आहे. जे वचन त्यांचे असल्याची खात्री नाही ते त्यांच्या तोंडी घालणे म्हणजे वर्गात खोटी साक्ष देणे होय. गावातील व्यक्तीच्या छायाचित्रावर गमतीने घातलेला फुगाही मोबाइलवरून गावभर फिरतो व भांडणास कारण होतो. वरच्या वर्गातील मुलांस हेच उलट बाजूने शिकवावे : एका छायाचित्रावर दोन परस्परविरुद्ध फुगे लावून दाखवावेत आणि ‘यातले खरे कोणते, हे चित्रावरून कळते का?’ असे विचारावे. मोबाइलवर रोज येणाऱ्या चित्रांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्याने थोडी सावध होते.

दुसऱ्याने काढलेल्या चित्राबाबत नियम असा की, १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यातील कलम ५२ अन्वये शिक्षकास अध्यापनाच्या ओघात त्याची प्रत वापरण्याची मुभा आहे. परंतु त्याच चित्रावर फुगे बदलून ते सर्वत्र प्रसृत करणे ही निराळी गोष्ट ठरते. मुलांची छायाचित्रेही गटांत पाठवू नयेत. मुलांनी काढलेली चित्रे वापरली तर पहिला प्रश्न सहसा उद्भवत नाही. चित्राच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचे केवळ पहिले नाव व इयत्ता घालावी, आणि कागद वर्गात वाटताना पहिली प्रत त्याच्या हाती द्यावी.